शुक्त, सिकंजबीन आणि श्रब : आंबटगोड पाकाचा मद्याशी सीमावाद

फळांचा रस, शिरका आणि साखर किंवा मध यांचा घट्ट पाक घरी करून ठेवावयाचा व प्रसंगी तो पाण्यात किंवा अन्य पेयात मिसळून घ्यावयाचा, ही रीत पुष्कळ जुनी आणि पुष्कळ देशांत पसरलेली आहे. ग्रीक वैद्य तिला एका नावाने ओळखत, इराणी हकीम दुसऱ्या आणि इंग्रज व अमेरिकन गृहिणी तिसऱ्या. खाद्यपेयांच्या इतिहासात या पाकाची नोंद सामान्यतः उन्हाळ्यातील थंडाईचा एक प्रकार म्हणून केली जाते व तेथेच विषय संपतो. ही नोंद चुकीची नसली तरी अपुरी आहे. शिरका हा मद्यापासून होतो; आणि ज्या समाजांनी मद्य त्याज्य मानले त्याच समाजांनी मद्याच्या या अपत्याला पेयात मान दिला. तेव्हा मद्य कोठे संपते आणि निर्दोष पेय कोठे सुरू होते, हा प्रश्न या पाकाच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. धर्मशास्त्रकार, फकीह, मद्यनिषेधाचे प्रचारक आणि अखेरीस न्यायालये यांनी आपापल्या परीने ही सीमा आखली. आणि प्रत्येकाची रेषा निराळ्या ठिकाणी पडली.

या संबंधाची खूण शब्दांतच राहून गेली आहे. अरबी भाषेत 'पिणे' या अर्थाचा जो धातू आहे त्यापासून 'शराब' आणि 'शरबत' हे दोन्ही शब्द निघाले. मूळ अरबीत 'शराब' म्हणजे कोणतेही पेय, विशेषतः औषधी पाक. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हाच शब्द 'सिरोपुस' झाला आणि त्यापासून इंग्रजी 'सिरप' आले. तुर्कीतील 'शेर्बेत'मधून युरोपातील 'शर्बेट' व 'सॉर्बे' आली, तर त्याच धातूच्या 'शुर्ब' या रूपातून इंग्रजी 'श्रब' आले. फारसी व उर्दूच्या वापरात 'शराब' मात्र मद्यापुरता संकुचित झाला, आणि मराठीने 'शराब' व 'सरबत' हे दोन्ही शब्द त्या अवस्थेत उचलले. एकाच धातूची ही दोन अपत्ये मराठी घरात कधी एका ताटात वाढली गेली नाहीत.

शास्त्रीय दृष्टीने पाहता हे नाते अधिक घट्ट आहे. गोड रस उघडा राहिला की किण्वाच्या क्रियेने त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. त्या मद्याला हवा मिळत राहिली की विशिष्ट जंतूंच्या योगाने मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल होते. ही दुसरी क्रिया सजीवांमुळे घडते हे लुई पाश्चरने १८६४ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे मद्याची पायरी चढल्याशिवाय शिरक्याची पायरी येत नाही. मात्र एकदा शिरका झाला की तो स्वतः रक्षक बनतो. नेहमीच्या शिरक्यात शेकडा पाचच्या आसपास आम्ल असते, आणि तेवढ्या आम्लात नासवणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. साखरेचे काम वेगळे : ती पाण्याला इतके बांधून ठेवते की जंतूंना ते उपलब्धच होत नाही. केवळ साखरेवर विसंबून टिकाऊ पाक करावयाचा तर वजनाने सुमारे दोनतृतीयांश साखर लागते; औषधकोशांतील साध्या पाकाचे प्रमाण तेच आहे. शिरक्याची जोड मिळाली की याहून कमी साखरेत भागते. साखर महाग असलेल्या काळात ही गोष्ट क्षुल्लक नव्हती.

घरगुती कृतीचे दोन मार्ग आहेत आणि जुन्या पाकग्रंथांत दोन्ही आढळतात. पहिल्यात फळे शिरक्यात भिजत घालतात, एकदोन दिवसांनी गाळून घेतात आणि त्या अर्कात साखर घालून कढवतात. वर येणारी मळी काढतात व थंड झाल्यावर बाटल्या भरतात. दुसऱ्यात उष्णता नसते : ठेचलेल्या फळावर जवळजवळ तेवढ्याच वजनाची साखर घालून झाकून ठेवतात, सुटलेला रस गाळतात आणि मग त्यात बेताने शिरका मिसळतात. पहिला मार्ग टिकाऊपणाचा, दुसरा स्वादाचा. कढविताना आम्लामुळे साखरेचे विघटन होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात, त्यामुळे पाकात खडे धरत नाहीत. हा लाभ जुन्या गृहिणींना कारण न कळताही माहीत होता. भांड्याचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागे. आम्ल तांब्यापितळेला खाते. कल्हई उडालेल्या भांड्यात असा पाक करणे धोक्याचे. म्हणून मातीचे, चिनी मातीचे किंवा काचेचे भांडे हाच सुरक्षित मार्ग होता.

भारतीय पुराव्याकडे वळताना प्रथम कौटिलीय अर्थशास्त्राचा विचार करावा लागतो. दुसऱ्या अधिकरणातील कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात राजाच्या कोठारात कोणती द्रव्ये असावीत याची मोठी यादी आहे. तीत आंबट द्रव्यांचे एकाहून अधिक वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी 'शुक्तवर्ग' प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. उसाचा रस, गूळ, मध, काकवीसारखे फाणित, जांभळाचा रस किंवा फणसाचा रस यांपैकी एक घ्यावा, त्यात मेषशृंगी व पिंपळी यांचा काढा मिसळावा, आणि ते मिश्रण एक महिना, सहा महिने किंवा वर्षभर मुरू द्यावे. त्यात काकडीच्या जातीची फळे, उसाचे तुकडे, आंबा किंवा आवळा घालावा, अथवा ते तसेच शुद्ध ठेवावे, असा त्या सूत्राचा आशय आहे. याच्या लगत 'फलाम्लवर्ग' येतो. त्यात वृक्षाम्ल, करवंद, आंबा, आवळा, महाळुंग, बोर अशी स्वभावतः आंबट फळे आहेत. वृक्षाम्ल म्हणजे कोकमाच्या जातीचे फळ असे सामान्यतः मानले जाते. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या संपादनामुळे या प्रकरणाचा अभ्यास पुष्कळ सुकर झाला आहे.

या यादीत पाककृती शोधणाऱ्याला फळ आणि शिरका यांचा संयोग दिसेल. इतिहासकाराला मात्र तिची जागा अधिक बोलकी वाटावी. शुक्त हे कोठारात, म्हणजे धान्य, तेल, मीठ व मसाले यांच्या पंक्तीत ठेवलेले आहे. ते सुराध्यक्षाच्या ताब्यात दिलेले नाही. एवढ्यावरून मद्य आणि शुक्त यांचा निवाडा कौटिल्याने स्वच्छ केला असे म्हणावेसे वाटते. पण त्याच अधिकरणातील सुराध्यक्षाचे प्रकरण वाचले की हा निष्कर्ष डळमळतो. तेथे राजपण्याबाहेरील मालावर शेकडा पाच शुल्क सांगताना सुरका, मेदक, अरिष्ट व मधु यांच्या जोडीला फलाम्ल आणि अम्लशीधु यांचीही नावे घेतली आहेत. कोठाराच्या दृष्टीने जे अन्न ते करवसुलीच्या दृष्टीने मद्याच्या शेजारचे द्रव्य ठरले. गृहस्थांना समारंभाच्या प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक त्याच प्रकरणात आहे. शासनाला ही सीमा ठाऊक होती. पण ती आखताना त्याने वस्तूच्या स्वरूपापेक्षा तिच्या उपयोगाला व तिच्यावरील उत्पन्नाला महत्त्व दिले.

धर्मशास्त्राची भूमिका याहून कठोर, तरीही तितकीच गुंतागुंतीची आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत शुक्त येते, आणि पाचव्या अध्यायातील भक्ष्याभक्ष्यविचारात द्विजांना सर्वच शुक्ते निषिद्ध ठरविली आहेत. शुक्त म्हणजे मुळात गोड असून कालांतराने आंबलेले. परंतु लगेच पुढच्या श्लोकात अपवाद आहे : दही व दह्यापासून झालेले पदार्थ, तसेच शुभ अशा पुष्पांनी, मुळांनी व फळांनी आंबविलेले पदार्थ भक्ष्य आहेत. दह्याचा अपवाद समजण्याजोगा आहे; तो नसता तर आर्यावर्तातील भोजनच अशक्य झाले असते. फळांच्या शुक्ताचा अपवाद मात्र विशेष लक्ष वेधतो. ज्या नियमाने आंबलेले अन्न दूर सारले त्यानेच फळांच्या आंबवणाला दार उघडे ठेवले, आणि त्या दारावर 'शुभ' एवढे एकच, अर्थविस्ताराला वाव देणारे विशेषण पहाऱ्याला बसविले.

ग्रीक व रोमन जगात हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण तेथे द्राक्षासव हे नित्याचे पेय होते. म्हणून त्या बाजूचे वर्णन थोडक्यात आटोपता येते. 'ऑक्सिमेली', म्हणजे आंबट व मध, हे शिरका आणि मध यांच्या पाकाचे ग्रीक नाव. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या तीव्र रोगांतील पथ्यविषयक ग्रंथात कफ सुटण्यासाठी व श्वास मोकळा होण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडिसने दिलेल्या कृतीत मध, शिरका व पाणी यांबरोबर समुद्रमीठही आहे. रोमन सैनिकांचे 'पोस्का' म्हणजे पाणी घातलेला शिरका. ते गरिबाचे व शिपायाचे पेय होते, आणि हेड्रियन बादशहा छावणीत तेच पीत असे हे त्याच्या साधेपणाचे लक्षण म्हणून सांगितले गेले. रोमन जगात शिरका हा मद्याचा प्रतिस्पर्धी नव्हता. तो मद्याचा गरीब नातलग होता.

इस्लामी जगात चित्र पालटले. फारसी 'सिर्का' आणि 'अंगबीन' म्हणजे मध, या दोन शब्दांचा जोड अरबीत 'सकंजबीन' झाला. भारतात तो 'सिकंजबीन' म्हणून रूढ आहे. पुढे मधाची जागा साखरेने घेतली तरी नाव कायम राहिले. हमदान येथे १०३७ मध्ये मरण पावलेल्या इब्न सीनाच्या नावावर या एकाच पाकाविषयी एक स्वतंत्र लघुग्रंथ आहे, आणि सोळाव्या शतकात आंद्रेआ आल्पागोने त्याचे लॅटिन भाषांतर केले. तेराव्या शतकातील एका अनामिक अंदलुसी पाकग्रंथात साध्या सिकंजबीनची कृती दिली आहे : एक रतल कडक शिरक्याला दोन रतल साखर, पाक होईपर्यंत शिजवणे, त्यातील एक उकिया तीन उकिया ऊन पाण्यातून उपाशीपोटी घेणे, कावीळ, ज्वर व तहान यांवर गुणकारी. पाकग्रंथातील ही कृती औषधाचे प्रमाण, वेळ व रोग सांगते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. स्वयंपाकघर आणि औषधालय यांची फारकत अद्याप झालेली नव्हती.

परंतु वैद्यकाने मान्य केले म्हणून धर्माने मान्य केले असे होत नाही. मद्य हराम, शिरका हलाल, एवढेच नव्हे तर पैगंबरांनी प्रशंसिलेले तोंडीलावणे. मग मद्याचा शिरका करता येतो काय? मद्य आपोआप आंबून शिरका झाले तर तो ग्राह्य, याविषयी फकीहांत एकमत होते. मात्र मीठ किंवा अन्य द्रव्य घालून हेतुतः मद्याचा शिरका केल्यास काय, यावर मतभेद झाला. हनफी पंथाने तो शुद्ध मानला. द्रव्य पालटले की निर्णय पालटतो अशी त्यांची भूमिका. शाफिई पंथाने असा शिरका अशुद्ध ठरविला, कारण घातलेले द्रव्य मद्याच्या स्पर्शाने आधीच दूषित झालेले असते व शिरका झाल्यावरही ते त्यातच राहते. वरवर सूक्ष्म वाटणाऱ्या या वादात एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे : वस्तूची पवित्रता तिच्या आजच्या गुणात आहे की ती कशी घडली यात? मनूच्या श्लोकासमोर उभा राहणारा प्रश्न यापासून दूर नाही. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी, तर कोकण किनाऱ्यावरील मुसलमान समाज शाफिई आहे. या भेदावरून कोकणात शिरक्याची पेये का रुजली नाहीत याचे उत्तर काढण्याचा मोह एखाद्याला होईल. तो आवरलेला बरा; ज्या प्रदेशात कोकम, चिंच, कैरी व लिंबू हाताशी आहेत तेथे शिरक्याची निकडच नव्हती.

हीच गोष्ट काही अंशी उत्तर भारतालाही लागू पडते. माळव्यात मांडू येथे सुमारे १५०० च्या आसपास रचलेल्या 'निअमतनामा' या सचित्र पाकग्रंथात सरबतांच्या कृती आहेत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तील भावांच्या यादीत द्राक्षांचा शिरका आणि उसाचा शिरका हे वेगळे नोंदलेले असून उसाचा कितीतरी स्वस्त आहे. त्याच ठिकाणी लिंबाच्या रसाचाही भाव दिला आहे. इराणी परंपरेला अभिप्रेत असलेला द्राक्षांचा शिरका येथे महाग, तर उसाचा शिरका व लिंबू सहज उपलब्ध, अशी परिस्थिती होती. हकिमांच्या सिकंजबीनमध्ये लिंबाच्या रसाचा 'लेमूनी' प्रकार आला तो याच वातावरणात. घरातून तर शिरका पुरताच बाहेर पडला. आज उत्तर भारतात 'शिकंजी' या नावाने मिळणारे लिंबू, साखर, मीठ व जिरे यांचे पेय सिकंजबीनचे नाव धारण करते. परंतु त्या नावातील पहिला घटक जो शिरका, तो त्यात नसतो आणि दुसरा घटक जो मध, तोही नसतो. इराणात मात्र शिरका, साखर व पुदिना यांचा पाक अद्याप घरोघर होतो. त्यात काकडी किसून पितात, आणि नवरोजनंतरच्या तेराव्या दिवशी कोवळ्या लेट्यूसची पाने त्यात बुडवून खातात.

औषधालयात मात्र जुने रूप अधिक चिवट ठरले. युनानी वैद्यकातील 'सिकंजबीन उन्सुली' आणि युरोपीय औषधकोशांतील 'ऑक्सिमेल सिली' हे दोन्ही एकाच वस्तूचे अवतार आहेत : समुद्रकांद्याच्या अर्काचा शिरका आणि मध. ग्रीक मुळापासून एक शाखा बगदादमार्गे दिल्लीला व दुसरी लॅटिनमार्गे लंडनला गेली. एकोणिसाव्या शतकात भारतातील रोग्याला त्या दोन्ही एकाच वेळी मिळू शकत होत्या. त्या औषधाला लागणाऱ्या भूमध्यसमुद्री कांद्याऐवजी चालणारी भारतीय जात म्हणजे महाराष्ट्राच्या माळांवर व किनाऱ्यावर उगवणारा रानकांदा होय.

इंग्रजांच्या हाती हा पाक आला तेव्हा त्याचा मद्याशी असलेला संबंध उघडपणे पुन्हा जुळला, आणि त्यात पश्चिम भारताचा वाटा आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या एका पेयाचे वर्णन केले आहे. त्यात मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर होती. पुढे जॉन फ्रायरने, ज्याचा प्रवासवृत्तांत १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला, गोव्याजवळील नेरूळच्या उत्तम अर्काचा उल्लेख करून त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज 'पंच' नावाचे पेय करतात व पाच घटकांवरून हे नाव पडले असे सांगितले. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही, पण १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने तिची बाजू सविस्तर मांडली आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी 'श्रब' हा या पंचाचाच घरी करून ठेवलेला अर्क म्हणता येईल : रम किंवा ब्रँडी, लिंबू वा संत्र्याचा रस आणि साखर यांचे मिश्रण मुरवून बाटलीत भरायचे व आयत्या वेळी पाणी घालायचे. बेंजामिन फ्रँकलिनच्या कागदपत्रांत संत्र्याच्या श्रबची कृती सापडते, तीत रमच आहे. म्हणजे 'पेय' या अर्थाचा निरुपद्रवी अरबी शब्द इंग्रजीत येऊन मद्यवाचक झाला. उर्दूत 'शराब' शब्दाची जी गत झाली तीच लंडनमध्ये 'श्रब'ची झाली.

त्या शब्दाला पुन्हा निर्मद्य अर्थ मिळाला तो अमेरिकेत, आणि तो प्रसंग या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. १८२६ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन मद्यनिषेध संस्था स्थापन झाली. तीन वर्षांनी, १८२९ मध्ये, लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेने काटकसरी गृहिणीसाठी लिहिलेले आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रास्पबेरी श्रबची कृती आहे : फळे जेमतेम बुडतील एवढा कडक शिरका घालायचा, निघालेल्या रसाच्या मापाने तेवढीच साखर, मग कढवून, मळी काढून, थंड झाल्यावर बाटल्यांत भरायचे. ज्या भागात रास्पबेरी विपुल आहे तेथे परदेशी पोर्ट व कॅटलोनियाच्या द्राक्षासवाऐवजी हे पेय वापरण्यात बचत आहे, असा तिचा युक्तिवाद. येथे रमची जागा शिरक्याने घेतली. न्यू इंग्लंडच्या शेतांत गवतकापणीच्या वेळी शिरका, काकवी, सुंठ व पाणी यांचे 'स्विचेल' प्यायले जाई. मद्यनिषेधाच्या प्रचारकांना तेही सोयीचे झाले. इंग्लंडात एलायझा ॲक्टनने १८४५ मध्ये दिलेल्या कृतीत एकाच शिरक्यात तीनदा ताजी फळे भिजवावयास सांगितले आहे. हा काटकसरीचा नव्हे, चोखंदळपणाचा मार्ग.

पण शिरक्याने मद्य हटले तरी साखर राहिलीच. त्या काळी अमेरिकेत मिळणारी साखर व काकवी पुष्कळशी कॅरिबियन बेटांतील आणि लुइझियानातील गुलामांच्या श्रमातून आलेली होती. रम ही त्याच मळ्यांची दुसरी उपज. तेव्हा रम वर्ज्य करून साखरेचा श्रब पिणारे कुटुंब एकाच मळ्याच्या एका मालाऐवजी दुसरा माल घेत होते. ही विसंगती समकालीनांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. इंग्लंडात विल्यम फॉक्सने १७९१ मध्येच वेस्ट इंडीजची साखर आणि रम दोन्ही वर्ज्य करण्याचे आवाहन करणारी पत्रिका काढली होती, आणि त्या चळवळीत गुलामांच्या श्रमाचा स्पर्श नसलेली म्हणून ईस्ट इंडियाची, म्हणजे भारतातील साखर, पुढे करण्यात आली. अमेरिकेतही 'मुक्त श्रमाचा माल' वापरण्याची चळवळ झाली. विशेष म्हणजे स्वतः लिडिया चाइल्डने १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध एक निर्भीड पुस्तक लिहिले आणि त्यापायी आपल्या वाचकवर्गाचा मोठा भाग गमावला. तिच्या पाककृतीत साखर आहे आणि तिच्या राजकीय लेखनात त्या साखरेमागील अन्यायाचा निषेध आहे. तिला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. घरगुती पेयाची शुद्धता बाटलीतील द्रव्यावरून ठरवावयाची की ते कोठून आले यावरून, हा शाफिई व हनफी पंडितांचा जुना वाद येथे निराळ्या रूपाने समोर येतो, एवढेच म्हणता येते. मद्यनिषेधाच्या चळवळीने या प्रश्नाचा पहिला भाग उचलला. दुसरा भाग तिने बव्हंशी इतरांवर सोपविला.

महाराष्ट्र व गोवा यांत या पाकाचे जे समांतर रूप आढळते त्यात शिरका नाही, पण रचना तीच आहे. कोकमाच्या साली साखरेच्या थरांत रचून बरणी काही दिवस उन्हात ठेवली की 'अमृतकोकम' तयार होते. मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ. ही उष्णतेविना करावयाची जी दुसरी पद्धत वर सांगितली तिचीच कोकणी आवृत्ती होय. यातील आम्ल किण्वनाने निर्माण होत नाही, ते फळातच असते. १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी कोकमाच्याच वंशातील एका फळात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल हे मुख्य आम्ल असल्याचे दाखविले, आणि कोकमातही ते आढळते. आंबटपणासाठी मद्याच्या पायरीवरून जावे न लागल्यामुळे कोकमाला सोवळ्याच्या स्वयंपाकघरातही कधी अडचण आली नाही. उलट गोव्यात पोर्तुगीजांच्या सहवासाने माडाच्या सुरेचा शिरका ख्रिस्ती घरांच्या जेवणात, विंदालूसारख्या पदार्थांत, पक्का झाला. तरी पेयातले स्थान तेथेही कोकमाकडेच राहिले. एकाच गावात दोन आम्लांनी अशी वाटणी करून घ्यावी, याला चवीइतकेच हवामानही कारण असावे.

सीमेचा प्रश्न मात्र मुंबई राज्यात कायद्याच्या वाटेने आलाच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने 'मद्य' या संज्ञेत मद्यार्क असलेल्या सर्व द्रवांचा समावेश केला. त्यामुळे औषधे व प्रसाधनद्रव्येही त्या व्याख्येच्या जाळ्यात सापडली. 'मुंबई राज्य विरुद्ध बलसारा' या १९५१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापक व्याख्या करण्याचा विधिमंडळाचा अधिकार मान्य केला, परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये जवळ बाळगण्यावर व वापरण्यावर घातलेले निर्बंध अवाजवी म्हणून रद्द ठरविले. वस्तू मद्य आहे की नाही हे तिच्यातील द्रव्यावरून ठरेल, पण ती वर्ज्य आहे की नाही हे तिच्या उपयोगावरून, असा या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ झाला. सुराध्यक्षाच्या प्रकरणात औषधी अरिष्टाला दिलेली मोकळीक आठवावी असा हा निवाडा आहे. पुढे १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने फळांचे पाक, सरबते व शिरका यांच्या व्यापारी उत्पादनाला प्रमाणे घालून दिली : पाकात किमान शेकडा २५ फळांचा रस आणि शेकडा ६५ विद्राव्य घन पदार्थ हवेत. तो आदेश नंतरच्या अन्नसुरक्षा कायद्यात विलीन झाला. घरगुती बरणीला त्याने कधीच हात लावला नव्हता.

अमेरिकेत शीतकपाट आणि बाटलीबंद सोडा यांच्या प्रसाराने शिरक्याचे पाक विसाव्या शतकात मागे पडले. १९२० ते १९३३ पर्यंतच्या देशव्यापी दारूबंदीतही त्यांना पूर्वीचे दिवस आले नाहीत. तोवर मद्याला पर्याय म्हणून कारखान्यातील पेये सर्वत्र मिळू लागली होती. त्यांचे पुनरुज्जीवन एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले, आणि ते घडवून आणले मद्यगृहांनी. मिश्रमद्ये करणाऱ्यांना लिंबाहून वेगळ्या जातीचे, टिकाऊ व फळाचा गंध धरून ठेवणारे आम्ल हवे होते; ते त्यांना जुन्या पाकग्रंथांत सापडले. २०१४ मध्ये मायकेल डीट्श यांचे श्रब या विषयाला वाहिलेले पुस्तक निघाले, आणि त्यात निर्मद्य पाकांबरोबर ते मद्यात मिसळण्याच्या कृतीही आहेत. लिडिया चाइल्डने रम काढून ज्या बाटलीत शिरका भरला होता, तीच बाटली आता रमशेजारच्या फळीवर उभी आहे.